ठिपक्यांतला आकडा

प्राचीनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि ती टोमॅटोच्या शेवटच्या सरीत शिरली. मल्चिंगचा कागद वाजू नये म्हणून ती मधल्या मातीवरून, आधी पाऊल टेकवून मग भार टाकत चालली होती. स्वतःच्याच शेतात असं चोरासारखं चालताना तिला लाज वाटत होती, पण थांबवतही नव्हतं. पलीकडं ऊस होता आणि गेल्या महिन्यात त्याच उसातनं येऊन बिबट्यानं शेजाऱ्यांचं कुत्रं नेलं होतं. कुणी विचारलंच असतं तर तिनं तेच सांगितलं असतं, की पोरीला बघायला आले म्हणून.

बांबूंच्या पलीकडून सासूबाईंचा आवाज आला.

"डोळं मीट. नीट मीट, किलकिलं नगं ठिवू."

तारांवर चढवलेल्या झाडांच्या फटीतून प्राचीला दिसलं. साळुबाई उलट्या ठेवलेल्या कॅरेटवर बसल्या होत्या. सहा वर्षांची आरोही त्यांच्यासमोर उभी होती आणि तिच्या डोळ्यांवर आजीच्या पदराचं टोक होतं. साळुबाईंनी ओच्यातून एक टोमॅटो काढून नातीच्या हातात ठेवला.

"दाब. लई न्हाई, अंगठ्यानं हलकंच. कसा लागतोय?"

"कडक."

"म्हंजी?"

"कच्चा."

"आन् ह्यो?"

आरोहीनं दुसरा दाबला, मग नाकाशी नेला. "पिकलाय."

"देठाला हात लाव. सुटतोय का बघ."

"सुटला, आजी."

"शाणी माझी बाय. आन् मम्मीला काय सांगायचं?"

"काही नाही."

"का?"

"मम्मीला टेन्शन येतं."

प्राचीनं हातातल्या चपला सावरल्या. मग एक वेल बाजूला करून ती पुढं झाली. साळुबाईंनी पदर ओढून घेतला आणि ओच्यातले टोमॅटो कॅरेटच्या मागं ठेवले.

"कवाची उभी हायेस?"

"आत्ताच आले, आत्या."

"चपला हातात घिऊन?"

"काटा रुतला होता."

साळुबाईंनी तिच्या पायांकडं बघितलं आणि त्या उठल्या. आरोही एकदा आजीकडं, एकदा आईकडं बघत राहिली. घरी परतताना तिघी एकापाठोपाठ एक चालल्या.

सुरुवात भाजीच्या टोमॅटोंपासून झाली होती. "चार लाल लाल घेऊन ये गं," म्हणून प्राचीनं पोरीला ओसरीवरच्या ढिगाकडं पाठवलं, तर ती लाल-हिरवे मिसळून घेऊन आली. तेव्हा प्राची हसली होती. मग एकदा आरोहीची लाल क्लिप अंगणातल्या गवतात पडली आणि ती बरोबर क्लिपच्या वर उभी राहून क्लिप शोधत राहिली, तेव्हा मात्र प्राचीला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बांगड्यांचा डबा पोरीपुढं ओतला आणि म्हणाली, "चल, आपण दुकान दुकान खेळू. लाल इकडं, हिरव्या तिकडं." आरोही मन लावून खेळली. तिनं लावलेल्या दोन्ही ढिगांत दोन्ही रंग होते.

आधी प्राचीला फवारणीच्या औषधांची भीती वाटली. मग मोबाइलची. पोरगी पोटात असताना आपण काही चुकीचं खाल्लं का, हेही तिनं आठवून बघितलं. शेवटी कॉलेजमधला एक तास आठवला. मंचरला बीएस्सी करताना बाईंनी फळ्यावर चौकट काढून समजावलेलं, की रंगांधळेपणा आईकडून मुलाकडं जातो. मुलाला एक्स गुणसूत्र एकच, ते आईकडचं, त्यावरचं जनुक बिघडलेलं असलं की सावरायला दुसरं नाही. मुलींना सहसा होत नाही, बाई म्हणाल्या होत्या. त्या 'सहसा'च्या पुढं काय होतं ते तिला आठवेना. पोळ्या लाटता लाटता, पिठाच्या बोटानं तिनं मोबाइलवर शोधलं. मुलगी रंगांधळी असेल तर तिचे वडील रंगांधळे असतातच, असं तिथं लिहिलं होतं.

तव्यावरची पोळी करपली.

पण तिचा नवरा, भरत, तर पिकअप चालवत होता. राजुरीहून नारायणगावच्या मार्केटला माल घेऊन रोज जात होता, सिग्नल होते, पोलीस होते. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तिनं कधी असं काही ऐकलं नव्हतं. आणि त्याचे डोळे चांगले असतील तर? ते वाक्य मग फिरून तिच्याकडंच बोट दाखवत होतं. बाप असा नाही तर पोरगी अशी कशी, असं उद्या कुणी मोबाइलवर तेच वाचून विचारलं, तर ती काय सांगणार होती? स्वतःबद्दल तिला खात्री होती. म्हणजे भरत लपवत होता. त्यानं लपवलेलंच असायला हवं होतं.

त्या दिवसापासून तिनं नवऱ्यावर नजर ठेवली.

त्यानं कधी टोमॅटो तोडलेला तिला आठवत नव्हता. पण त्यावरून काहीच कळत नव्हतं, कारण गावात कुठलाच पुरुष टोमॅटो तोडत नाही. तोडा बायांचा. बाप्यांनी भरलेली कॅरेट बांधावर वाहायची, गाडी लावायची, दोर आवळायचा. आंधळा माणूससुद्धा त्या कामात खपून गेला असता. सरीत पुढं साळुबाई चालायच्या, आज कुठवरचा रंग तोडायचा ते त्या सांगायच्या. व्यापाऱ्याचा फोन आला, "भाऊ, मालाला कलर कसा हाय?" की भरत म्हणायचा, "थांबा, आईला इचारतो." प्राचीला इतकी वर्षं वाटत आलं होतं, की नवरा जरा आईच्या पदरालाच बांधलेला आहे.

तिनं त्याला आत पाठवलं. "अहो, खुंटीवरची माझी लाल ओढणी आणा. हिरवी नको."

भरत दोन्ही घेऊन आला. "लागंल ती घे," म्हणाला आणि मोटर चालू करायला निघून गेला.

हे त्याला सहज सुचलं की सवयीनं, ते ती ठरवू शकली नाही. आता सरीतलं ऐकल्यावर एवढं नक्की झालं होतं, की सासूला पोरीचं कळलेलं होतं आणि कळल्यावर त्या दचकल्या नव्हत्या. काय शिकवायचं ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं. ते त्या आधी कुणाला शिकवत आल्या होत्या?

सकाळी चहा देताना ती म्हणाली, "आरोहीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यायचंय. नारायणगावला."

"कशापायी?" साळुबाई म्हणाल्या. "चांगली घडाघडा वाचती."

"डोकं दुखतं म्हणते."

"माझं नाही दुखत," आरोही म्हणाली.

भरतनं बशीतला चहा फुंकला. "जाऊ की. मार्केटला जायचंच हाय."

"पोरीची जात हाय," साळुबाई कुणाकडंच न बघता म्हणाल्या. "गावात बोभाटा नगं."

दवाखान्यापाशी पोचल्यावर भरत म्हणाला, "तुमी व्हा म्होरं. गाडी आडवी लागलीया, मी हितंच थांबतो." गाडी नीट लागलेली होती. प्राचीनं ते बघितलं आणि पोरीचा हात धरून ती आत गेली.

डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी टेबलावर एक पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर एक गोल आणि गोलात रंगीत ठिपके.

"यात कोणता आकडा दिसतोय, बाळा?"

"बारा."

"छान. आणि यात?"

आरोही वाकून बघू लागली. तिनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, तिरकं केलं, शेवटी पानावर बोट फिरवलं. "यात नुसते ठिपके आहेत."

पान उलटलं. ठिपके. आणखी एक उलटलं. ठिपके. प्राचीला प्रत्येक पानावर आकडा दिसत होता, कुणी रंगानं भिंतीवर लिहावा तसा ढळढळीत. सांगू नये म्हणून तिनं ओठ दातांत धरले होते.

"वडील आलेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

प्राची दाराशी गेली आणि तिनं हाक मारली. भरत हळूहळू आला. त्याच्यासमोर पुस्तक सरकवलं गेलं. त्यानं पानाकडं एकदा बघितलं आणि मग आरोहीकडं वळून विचारलं, "तुला काय दिसतंय गं?"

"ठिपके."

"मलाबी."

आरोही खुदकन हसली. तिला एवढा आनंद झाला, की ती खुर्चीवरून उतरून बापाच्या मांडीला येऊन टेकली.

प्राचीच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. आता तिला कुणी काही म्हणू शकणार नव्हतं. पोरीला आयुष्यभराचं व्यंग निघालंय आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, हे ध्यानात आल्यावर तिनं मान खाली घातली. मान वर केली तेव्हा तिला राग आलेला होता.

"यावर औषध नाही," डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "आणि घाबरायचंही कारण नाही. नजर चांगली आहे. लाल-हिरव्यात गोंधळ होतो एवढंच. शाळेत सांगून ठेवा. मुलींमध्ये क्वचित दिसतं हे. मुलीला एक्स दोन असतात ना, एकावर बिघाड असला तरी दुसरा काम चालवून नेतो. हिच्या दोन्हींवर आहे. म्हणजे एक इकडून आलाय," त्यांनी हातातलं पेन भरतकडं केलं, "आणि एक इकडून." पेन प्राचीकडं वळलं. "तुम्हाला स्वतःला सगळं दिसतं. तुम्ही फक्त पुढं दिलाय. तुमच्या वडिलांना असेल, किंवा आईच्या माहेरी कुणाला."

"आमच्याकडं कुणाला नाही," प्राची म्हणाली.

"विचारून बघा एकदा."

"विचारायचं काय त्यात? माझे वडील जन्मभर शेती करतायत."

भरत खिडकीबाहेर बघत होता. पलीकडच्या छपरावर कुणीतरी गोधड्या वाळत टाकल्या होत्या.

तिघं गाडीत बसून निघाली. मधल्या सीटवर आरोही पेंगली तेव्हा प्राची म्हणाली, "लग्नाआधी सांगायला हवं होतं."

"काय सांगायचं व्हतं? मला दिसतंय तेवढं दिसतंय. काय दिसत न्हाई ते मला कसं ठावं असणार?"

"आत्यांना ठाऊक होतं."

"आई म्हणली, बोलू नगंस, लग्न जमायचं न्हाई." त्यानं गिअर बदलला. "बघायला आलो तवा तू कंच्या रंगाची साडी नेसलीवतीस ते इचारू नगं. बाकी समदं ध्यानात हाय."

"आणि गाडी कशी चालवता?"

"वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. त्यात काय?"

"अजून काय काय लपवलंय?"

भरतनं विचार केला. "भेंडी आवडत न्हाई. तू करतीस म्हणून खातो."

एरवी ती हसली असती. आता तिनं काचेकडं तोंड फिरवलं. दर तोड्याला, दर फोनला, दर सणाच्या खरेदीला मायलेक तिच्यासमोर एकमेकांना सावरत होते आणि ती भाकऱ्या थापत होती. बीएस्सी झालेली, डोळे उघडे ठेवून वागणारी. तिच्याच पोरीला त्या दोघांत ओढून तिसरी करून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. साळुबाई उंबऱ्याशी आल्या.

"म्हायेरी जातीस तर जा. पर पोरीचं गावभर करू नगंस. बापाला बोल, दुसऱ्या कुणाला नगं."

"माझ्या माहेरी काही लपवत नाहीत, आत्या," प्राची म्हणाली.

साळुबाईंचा हात पोरीच्या केसांवरून फिरला आणि त्या बाजूला झाल्या.

कळंबच्या फाट्यावर ती आरोहीला घेऊन एसटीतून उतरली तेव्हा तिचे वडील, रामदासआण्णा, मोटारसायकल घेऊन उभे होते. तिथून महाळुंगे पडवळला घरी पोचेपर्यंत तिनं कळ काढली. हातपाय धुऊन होताच सगळं सांगितलं. सगळं म्हणजे भरतचं, सासूचं, सरीतल्या शिकवणीचं. डॉक्टरीणबाईंचं पेन आधी कुणाकडं गेलं ते सांगितलं. नंतर कुणाकडं वळलं ते सांगितलं नाही. जे खरं नाही ते सांगून काय करायचं, असं तिनं स्वतःला समजावलं.

आण्णा तापले. "फसवलं आपल्याला. रान बघितलं, इहीर बघितली, पोरगा पितो का ते चार गावांत इचारलं. डोळं बघायचं तेवढं ऱ्हायलं. इंद्रायणे, ऐकतीस का?"

चुलीपाशी बसलेल्या आईनं मान हलवली.

"सावळारामला बोलावतो. स्थळ त्यानंच आणलेलं. उद्या राजुरीला जाऊन बैठक लावू. येऊन पाय धरतील तवर पोरगी हितनं हालायची न्हाई." ते प्राचीकडं वळले. "न्हाईच गेलीस तरी मला जड न्हाईस तू."

हे ऐकल्यावर प्राचीचा राग एकदम उणावला आणि त्या जागी भीती आली. एवढं तिनं ठरवून आणलं नव्हतं. पण आण्णा उठून गेलेसुद्धा होते.

ती आईजवळ पाटावर बसली. आई भाकरी थापत होती.

"आई, आण्णांना सगळे रंग दिसतात ना?"

आईचा हात परातीत क्षणभर थांबला. "दिसत्यात की. न दिसायला काय झालंय?"

"नाही, सहज विचारलं."

"कांदा-बटाट्याचं धनी त्ये," आई म्हणाली आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मातीतनं काढायचं न् पोत्यात भरायचं. त्याला कसला रंग न् कसलं काय."

हे उत्तर झालं नव्हतं. पण प्राचीला त्याहून जास्त ऐकायचंही नव्हतं.

ऊन कलताना सावळारामकाका आले, सोबत भावकीतले आणखी एक जण. ओट्यावर सतरंजी पसरली होती. आण्णांच्या मांडीवर आरोही बसली होती. प्राची दाराच्या आत, चौकटीला टेकून उभी राहिली.

सावळारामकाकांना स्थळाचा ठपका आपल्यावर येतोय हे कळत होतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "रामदासभाऊ, मी काय पोराच्या डोळ्यांत उतरून बघितलं व्हतं का? घर चांगलं, मानसं चांगली. आन् पोरीला तरी एवढं काय झालंय? चांगली टकाटका बघती."

"रंग दिसत न्हाईत तिला."

"डॉक्टर काय, कायबी सांगत्यात. ये गं पावणे, हिकडं बघ. माझी टोपी कसली?"

"पांढरी," आरोही म्हणाली.

"बघा. आन् ते वर?"

"आकाश. निळं."

"घ्या. ह्यो डॉक्टर." सोबतचे गृहस्थ हसले. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. काकांना जोर चढला होता. "आन् आजीची साडी कंच्या रंगाची?"

आरोहीनं आजीकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. सगळे वाट बघत होते.

"चॉकलेटी."

सावळारामकाकांचं हसू ओसरलं. त्यांनी सोबत्याकडं बघितलं. प्राचीनं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता आण्णा म्हणतील, बघितलंस का सावळाराम, पोरीचं काय झालंय ते.

"मग?" आण्णांचा आवाज आला. "बरोबर सांगितलं की पोरीनं."

प्राचीनं डोळे उघडले.

"चॉकलेटीच हाय," आण्णा म्हणाले. "मी सोता आणलीया मंचरवरनं, दिवाळीला. दुकानदाराला म्हणलं, आमच्या मंडळींना चॉकलेटी आवडतो, गडदातली दाखव. त्यानं गडदातल्या समद्या रंगांच्या धा काढल्या, त्यातनं मी हीच उचलली."

सावळारामकाका मोठ्यांदा हसले. "आजोबानं नातीची बाजू घ्यावी, पर किती घ्यावी, राव."

"बाजू कसली? इचारा की तिलाच." आण्णा चिडले होते. "सांग गं यांना."

आई ओट्याच्या मधोमध ट्रे धरून उभी होती. अजून चांगला उजेड होता आणि त्या उजेडात तिची साडी गर्द हिरवी होती, ओल्या शेवाळासारखी. तिनं एकेक कप पाहुण्यांच्या पुढं ठेवला. शेवटचा ठेवून झाल्यावर सावळारामकाकांच्या तोंडाकडं सरळ बघत ती म्हणाली,

"चॉकलेटीच हाय."

कुणी हसलं नाही. सावळारामकाका साडीकडं बघत राहिले, मग आण्णांकडं, मग त्यांनी कप उचलला आणि त्यात बघत चहा प्यायला सुरुवात केली.

आई आत आली तशी प्राची तिच्या मागोमाग चुलीपाशी गेली.

"कधीपासून?"

"लग्नात पैलं लुगडं आणलं तवापासून." आईनं ट्रे भिंतीला टेकवला. "हळू बोल."

"आण्णांना माहीत आहे?"

"न्हाई."

"म्हणजे?"

"त्यांच्या लेखी त्यांना समदं दिसतंय. मी कशाला मोडू?" तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "सा दिवाळ्या चॉकलेटी नेसली. चार लाल नेसली, त्यातली एकबी लाल नव्हती. काय बिघडलं?"

"मला तरी सांगायचंस."

"तुला दिसत व्हतं की. मला वाटलं, निभावलं." मग आईचा चेहरा बदलला. ती उकिडवी बसली होती, ती खाली बसली. "हे त्यांच्याकडनं आलंय का पोरीला?"

"आण्णांकडून मला," प्राची म्हणाली. "माझ्याकडून तिला. एकट्या भरतनं झालं नसतं."

आईनं तोंडाला पदर लावला. तिला रडू आलं की नाही ते कळलं नाही.

बाहेरून हाक आली. "प्राची, ये बरं. उद्या तिथं काय काय बोलायचं ते सावळारामला एकदा नीट सांग."

ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिघं पुरुष तिच्याकडं बघत होते. आण्णांची मान ताठ होती; एका हातानं त्यांनी नातीला पोटाशी धरलं होतं. त्यांनी तिची बाजू घेऊन आयुष्यभर कुणाशीही भांडण केलं असतं आणि उद्या राजुरीच्या ओसरीवर, साळुबाईंसमोर, ते हेच आणि असंच बोलले असते. सावळारामकाका कपाच्या काठावरून बघत होते.

"आण्णा, बैठक नको," ती म्हणाली. "माझं ऐकण्यात चुकलं. डॉक्टर म्हणाल्या, हे असं कधीकधी होतं. ते कुणाकडून येत नाही."

बीएस्सीला फळ्यावरची ती चौकट शिकलेल्या प्राचीनं हे स्पष्ट आवाजात सांगितलं. आत आईनं भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

"कुणाकडनं येत न्हाई?"

"नाही."

"मग जावयाचं?"

"त्यांचं त्यांना वेगळं झालंय. आरोहीचं वेगळं."

आण्णांनी नातीला मांडीवर सावरून घेतलं. "मी म्हणतच व्हतो," ते सावळारामकाकांना म्हणाले. "पोरगी बरोबर सांगती समदं."

"व्हय," सावळारामकाका म्हणाले आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

पाहुणे गेल्यावर प्राची फोन घेऊन मागल्या दारी आली. भरतनं पहिल्याच रिंगला उचलला.

"उद्या घ्यायला या," ती म्हणाली.

"बरं."

"आण्णांसमोर डोळ्यांचा विषय काढू नका. अजिबात काढू नका."

"बरं."

का म्हणून त्यानं विचारलं नाही. ती थांबली. पलीकडं मार्केटमधला गलका ऐकू येत होता. कुणीतरी कॅरेट आदळत होतं.

"विचारत नाही का?"

"काय इचारू?"

"तुम्हाला ठाऊक होतं," ती सावकाश म्हणाली. "आण्णांचं."

भरतनं तोंडावर हात धरला असावा, गलका कमी झाला. "पैल्या दिवाळीला आलो व्हतो तवा. आण्णा म्हणले, चला जावईबापू, तुमाला पिकलेलं डाळिंब काढून देतो. झाडाखाली गेलो. लगडलेलं झाड. त्ये माझ्याकडं बघत्यात, मी त्यांच्याकडं बघतोय. म्हणत्यात, तोडा तुमी. मी म्हणलो, न्हाई, मान तुमचा. लई येळ उभं व्हतो दोघंबी."

"आणि मग?"

"मग काय," भरत म्हणाला. "तुझी आई आली. तिनं तोडलं."